‘परत आला तर?’ : कॅन्सरचे उपचार संपल्यानंतरच्या भीतीविषयी

तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस तसाच ठेवला. हाच प्रश्न घेऊन माझ्या ओपीडीत दर आठवड्याला कुणी ना कुणी येतं, पण तिथे दाराशी पुढचा पेशंट उभा असतो आणि उत्तर अर्धवट राहून जातं. म्हणून इथे सवडीने लिहिते.

तुम्ही सांगितलंय ते थोडक्यात असं. वय ४४, राजापूर तालुक्यातल्या शाळेत शिक्षिका. स्तनाचा कॅन्सर, दुसरी स्टेज, हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा. मुंबईला ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन झालं, ते मागच्या वर्षी शिमग्याच्या सुमारास संपलं. आता हार्मोनचा परिणाम अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे आणि आतापर्यंतच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या आहेत. तरी पाठ दुखली की झोप उडते. तपासणीआधीचे आठ-दहा दिवस घरात कुणाशी धड बोलता येत नाही. दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन (अंगभर आजार शोधणारा स्कॅन) करून घ्यावा असं वाटतं, डॉक्टर नको म्हणतात. घरचे म्हणतात, ‘झालं ना बरं, आता विषय कशाला?’ आणि अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय की वरची खोली बांधायला आणलेले चिरे आजारपणाच्या आधीपासून अंगणात पडून आहेत, काम काढावं की नाही ते ठरत नाही.

तुमचा प्रश्न आहे, ‘पुन्हा होणार नाही याची खात्री कशी करून घेऊ?’

तशी खात्री मी देऊ शकत नाही. तुमचे मुंबईचे डॉक्टरही देऊ शकत नाहीत, आणि जो कुणी छातीठोकपणे देईल त्याच्यापासून जरा लांबच राहा. पण तुमचं लिहिलेलं वाचताना मला वाटत राहिलं की, खात्री मिळेपर्यंत म्हणून तुम्ही बरंच काही थांबवून ठेवलंय. झोप, बोलणं, ते चिरे. खात्रीची वाट बघत थांबायचं ठरवलं तर ते थांबणं कधी संपणारच नाही. त्यामुळे मी उत्तर देणार आहे ते थोड्या वेगळ्या प्रश्नाचं: खात्री नसताना काय काय पक्कं करता येतं, आणि भीतीला घरात किती जागा द्यायची.

मी कॅन्सरतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं हे काम करते, त्यातली सोळा रत्नागिरी-सिंधुदुर्गात. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं माझ्या म्हणण्याच्या वर धरा.

आधी एक गोष्ट सांगते, कारण तिची तुम्हाला लाज वाटते आहे असं दिसलं. ‘उपचार चालू होते तेव्हा मी खंबीर होते, आता सगळं चांगलं असताना घाबरते,’ असं तुम्ही लिहिलंय. हे जवळपास सगळ्यांचं असंच होतं. उपचार चालू असताना दर एकवीस दिवसांनी केमो, मधे रक्ततपासणी, मग महिना-दीड महिना रोज रेडिएशन. मनाला सवड नसते, आणि कुणीतरी जाणकार आपल्यावर सतत नजर ठेवून आहे एवढा आधार असतो. ते सगळं एका दिवशी थांबतं. ‘आता तीन महिन्यांनी या,’ असं सांगून आम्ही तुम्हाला गाडीत बसवतो, आणि भीती त्या गाडीतच सुरू होते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडची माणसं पुढचे कित्येक पावसाळे जरा वारा सुटला की वर पत्र्याकडे बघायची. वारा साधाच असायचा, पण अंगाला आठवण झालेली असायची. तुमच्या पाठदुखीचं तसंच आहे. गाठ हाताला लागली तो दिवस शरीर विसरलेलं नाही.

आता धोका किती, ते. हे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे: स्टेज, काखेतल्या किती गाठींत आजार होता, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात), रिसेप्टर (पेशींवर हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या खुणा आहेत का), उपचार पूर्ण झाले का. शिवाय प्रत्येक कॅन्सरची चाल निराळी. आपल्याकडे मिश्री-तंबाखू-सुपारीमुळे तोंडाचे कॅन्सर खूप. ते परतले तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत परततात, म्हणून त्या रुग्णांना आम्ही सुरुवातीला लवकर लवकर बोलावतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनच्या दोन आणि हर-टू, अशा तिन्ही खुणा नसलेल्या) प्रकाराचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त असतो आणि पाच वर्षांनंतर बराच उतरतो. तुमचा हार्मोन पॉझिटिव्ह प्रकार हळू चालीचा. दर वर्षाचा धोका थोडा, पण तो पाच वर्षांच्या पुढेही रेंगाळतो. ‘पाच वर्षं काढली की सुटलो’ हे लोकांत रुजलेलं वाक्य म्हणूनच मी तुम्हाला सांगणार नाही. त्या तारखेकडे डोळे लावून बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, सहाव्या वर्षी त्या पहिल्या वर्षीपेक्षा जास्त खचलेल्या असतात.

आकडा हवाच असेल तर तुमच्या डॉक्टरांकडून तुमच्या कागदांवरून मागा. पण त्या आकड्याचा अर्थ समजून घ्या. समजा, केवळ उदाहरणासाठी, त्यांनी सांगितलं की तुमच्यासारख्या शंभर जणींपैकी पंच्याऐंशींना दहा वर्षांत आजार परत येत नाही. तुम्ही त्या पंच्याऐंशींत की पंधरांत, हे तो आकडा सांगत नाही. उपचार किती करायचे हे ठरवायला तो कामाचा आहे. रात्री दोन वाजता उशाशी घेऊन बसायला नाही.

तुमच्या हातात जे आहे त्यात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती रोजची गोळी. २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २० चाचण्यांचा, २१ हजारांहून जास्त स्त्रियांचा एकत्रित अभ्यास आला. हार्मोन पॉझिटिव्ह आजारात पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांमध्ये त्या काळात आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, गोळी थांबल्यावरही पुढची काही वर्षं फायदा टिकला, आणि पंधरा वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. आणि तरीही माझ्या ओपीडीत गुपचूप गोळी सोडलेल्या बायका येतात. अंगातून वाफा निघतात, पाळी बिघडते, किंवा गोळीचं पाकीट बघितलं की आजार आठवतो. त्रास होत असेल तर सांगा, त्यावर मार्ग असतात. गोळी चालू असताना अंगावरून अवेळी रक्तस्राव झाला तर तो लगेच सांगायचा. आणि झोपेसाठी किंवा नैराश्यासाठी कुणी औषध दिलं तर ‘मी टॅमॉक्सिफेन घेते’ हे आधी सांगा. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही औषधं त्या गोळीचं काम मंदावू शकतात. दुसरे पर्याय आहेत, पण विचारल्याशिवाय ते सुचवले जात नाहीत.

आता पेट स्कॅन. तुमच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं ते पैसे वाचवायला किंवा तुम्हाला झटकायला नव्हे. १९९४ मध्ये इटलीतल्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, प्रत्येकीत बाराशेहून जास्त स्त्रिया होत्या. निम्म्यांना ठरावीक अंतराने हाडांचा स्कॅन, छातीचा एक्स-रे वगैरे तपासण्या केल्या, निम्म्यांना फक्त डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे). जास्त तपासण्या झालेल्या स्त्रिया जास्त जगल्या नाहीत. कारण असं की त्याच स्तनात किंवा दुसऱ्या स्तनात काही उद्भवलं तर ते लवकर सापडण्याचा फायदा होतो, म्हणून वर्षातून एकदा मॅमोग्राफी चुकवायची नाही. पण हाडांत, यकृतात गेलेला आजार लक्षण दिसण्याआधी चार महिने सापडला म्हणून पुढचं फारसं बदलत नव्हतं. त्या चाचण्या जुन्या आहेत, आता औषधं पुष्कळ बदलली आहेत, आणि हा प्रश्न पुन्हा तपासायला हवा असं मानणारे डॉक्टर आहेत. मलाही तसं वाटतं. पण आजच्या घडीला लक्षण नसताना स्कॅन करायची शिफारस नाही, आणि मी माझ्या बहिणीलाही तो सांगितला नसता.

स्कॅनची दुसरी बाजू फार कुणी बोलत नाही. पेटमध्ये सूज, जंतुसंसर्ग, टीबीची जुनी गाठ हेही उजळून दिसतं. मग बायोप्सी, मग पंधरा दिवस रिपोर्टची वाट, आणि शेवटी काहीच नाही. सीए १५-३ सारखी कॅन्सरची खूण शोधणारी रक्ततपासणीही साध्या कारणांनी वरखाली होते. आणि स्कॅन अगदी स्वच्छ आला तरी त्याने मिळालेला धीर माझ्या अनुभवात दोन-तीन आठवडे टिकतो. मग मन म्हणतं, त्यानंतर काही झालं असेल तर? पुढच्या वेळी तो धीर आणखी लवकर संपतो. दिवसातून दहा वेळा छाती चाचपून बघणं, मोबाईलवर लक्षणं शोधणं, यांचंही हेच. (हे फक्त तुमच्या आजाराबद्दल. आतड्याच्या कॅन्सरमध्ये सीईए ही रक्ततपासणी आणि ठरल्या वेळी कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करायचीच असते. दुसऱ्याचा कागद बघून आपलं ठरवू नका.)

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक पेशंट होत्या, साधारण तुमच्याच वयाच्या. दर भेटीत नवी शंका. एकदा मी प्रेमानेच म्हटलं, ‘आता हे सगळं विसरून जा, तुम्ही बऱ्या झालात.’ त्यांनी ते मनावर घेतलं. पुढे कंबर दुखायला लागली ती त्यांनी चार महिने अंगावर काढली, ‘मॅडम म्हणतील, ही उगीच काळजी करते’ म्हणून. आल्या तेव्हा आजार मणक्यात होता. चार महिने आधी आल्या असत्या तर आजार परतला नसता असं नाही. पण ते दुखणं त्यांनी एकटीने सोसलं, आणि पायातली ताकद कमी होऊ लागल्यावर त्यांना आमच्यापर्यंत यावं लागलं. त्या दिवसापासून मी कुणालाही ‘विसरून जा’ म्हणत नाही.

म्हणजे भीती माणसाला दोन्हीकडे ओढते. एक सारखं तपासत राहतो, दुसरा तपासणीच्या वाटेलाच जात नाही. दोघांनाही मी एकच गोष्ट देते, एक कागद. त्यावर आधीच ठरवून लिहायचं की कोणत्या लक्षणाला काय करायचं, म्हणजे ते ठरवायची वेळ रात्री दोनला घाबरलेल्या मनावर येत नाही.

तुमचा कागद साधारण असा होईल. नवं दुखणं, एकाच जागी, दोन आठवडे होऊनही न हटणारं, वाढत जाणारं, विश्रांतीत आणि रात्रीही छळणारं, असं असलं तर फोन करायचा. खोकला किंवा धाप दोन-तीन आठवडे टिकली, कारण नसताना वजन उतरलं, ऑपरेशनच्या जागी, काखेत किंवा गळपट्टीच्या हाडावर गाठ लागली, तरी फोन. पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, फिट येणं, अचानक धाप, उलट्यांसह तीव्र डोकेदुखी याला वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. ऑपरेशनच्या बाजूचा हात लाल होऊन सुजला आणि ताप आला तर तेही त्याच दिवशी. आणि जे दुखणं दोन आठवड्यांच्या आत ओसरतं, ते वहीत तारीख टाकून सोडून द्यायचं. छाती-काखेतली ओढ, हाताला मुंग्या, सांधे धरणं ही उपचारांची मागे राहिलेली दुखणी वर्ष-दोन वर्षं असू शकतात. पाठ तर दिवसभर फळ्यासमोर उभं राहूनही दुखते. कागदावर फोन नंबर लिहा, पण तो कोण उचलतं हे आधी विचारून घ्या. जवळचा एक डॉक्टर ठरवा, राजापूर किंवा रत्नागिरीचा, त्याच्याकडे फाईलची पूर्ण प्रत ठेवा. प्रत्येक शंकेला मुंबई गाठायची म्हटलं की माणूस एक तर रोज घाबरतो नाही तर जातच नाही.

स्तनाची तपासणी स्वतः करायची ती महिन्यातून एकदा, ठरल्या तारखेला. मधल्या दिवशी हात गेला तर काढून घ्यायचा. पहिले आठ दिवस अवघड जातात, पुढे सवय होते.

काळजीलाही वेळ ठरवून द्या. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण बऱ्याच जणींना मी करायला लावलंय. संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी वीस मिनिटं, वही घेऊन बसायचं, जी भीती असेल ती पूर्ण वाक्यात लिहायची. दिवसा आली तर तिला सांगायचं, सहाला भेटू. लिहिताना एकच गोष्ट पाळा, ‘परत आला तर’ इथे थांबू नका. तर काय? बहुतेक जणींच्या बाबतीत पुढे मरण येत नाही, दुसरंच काही येतं. मुलीचं शिक्षण. नवऱ्याला गॅस पेटवता येत नाही. पुन्हा केस जातील. पुन्हा मुंबईला कुणाच्या घरी किती दिवस राहायचं. यातल्या काहींवर काम करता येतं. मृत्युपत्र, बँकेतला वारस, मुलीच्या नावची ठेव हे अशुभ समजू नका. माझ्या एका पेशंटने ते सगळं एका आठवड्यात उरकलं आणि म्हणाल्या, त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली.

या भीतीवर ठरवून उपचार करता येतात. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मानसोपचारतज्ज्ञांनी पाच बैठकांत लक्ष कुठे द्यायचं याचा सराव, भीतीशी झटापट न करणं आणि तपासणीचं ठरलेलं वेळापत्रक हे शिकवलं, आणि भीती खरोखर उतरली. वर मी सांगितलं त्यातलं बरंचसं त्याच धर्तीचं आहे. झोप महिनाभर नीट नसेल, शाळेत मन लागत नसेल, जगण्यातच रस उरला नाही असं वाटलं, तर मदत मागा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा फोन चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही चालतो.

तपासणीआधीचे ते आठ दिवस थोडे कमी करता येतात. मॅमोग्राफी आणि डॉक्टरांची भेट यांच्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर पडणार नाही अशा तारखा मागून घ्या. रिपोर्ट मोबाईलवर येत असेल तर तो कुणी उघडायचा हे आधी ठरवा, आणि गाडीत एकटीने उघडू नका. चतुर्थीच्या तोंडावर तारीख घेऊ नका, नाहीतर सण रिपोर्टच्या धाकात जातो. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी आणि नियमित तपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण भाडं माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलकडून त्याचा फॉर्म भरून घ्या. सोबत माणूस न्याच, सवलत नसली तरी.

घरच्यांबद्दल. ‘विषय कशाला’ म्हणणारा नवरा बहुधा तुमच्याइतकाच घाबरलेला असतो, विषय निघाला की आजार ऐकेल असं त्याला वाटतं. त्याच्याकडून उत्तर मागू नका. ‘मला फक्त दहा मिनिटं बोलायचंय, तुम्ही काही सुचवू नका’ असं सांगून बोला. सासूबाईंनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून वाद घालू नका. त्यांनी त्यांची भीती तिथे मोठ्याने बोलून दाखवली, तुम्हाला ती जागा अजून मिळालेली नाही. फक्त कौल उजवा आला म्हणून तपासणी टाळायची नाही. भेटायला येऊन ‘आमच्या अमकीचा पाच वर्षांनी उलटला’ सांगणाऱ्यांना मात्र चहा देऊन विषय बदला. आणि ‘पॉझिटिव्ह राहा, टेन्शनने परत येतो’ हे कुणी म्हणालं तर कानाआड करा. काळजी केल्यामुळे कॅन्सर उलटतो असा भक्कम पुरावा नाही. घाबरण्याबद्दल घाबरायचं तरी कशाला?

आणि आलाच परत तर? हे टाळून लिहिलं तर तुम्हाला कळेल की मी टाळलं. त्याच जागी परतला तर पुष्कळदा पुन्हा पूर्ण बरं करण्याच्या हेतूने उपचार होतात. दूरच्या अवयवात गेला तर तो बहुधा पूर्ण जात नाही, पण तुमच्या प्रकारात गोळ्यांवर कित्येक वर्षं आटोक्यात ठेवता येतो. अशा आजारात देतात त्या पॅल्बोसिक्लिब नावाच्या गोळीचं पेटंट भारतात जानेवारी २०२३ मध्ये संपलं आणि तिची किंमत पुष्कळ खाली आली. आधी माझे पेशंट जमिनीचा तुकडा विकायचा विचार करायचे, आता त्या गोळीवर शेतीची कामं करणाऱ्या बायका माझ्याकडे तपासणीला येतात.

राहिले चिरे. देवगडकडचे एक बागायतदार, गालाचा कॅन्सर, ऑपरेशन आणि रेडिएशन झालेलं. पुढच्या हंगामाला आपण असू की नाही म्हणून त्यांनी कलमांची बाग पाच वर्षांच्या कराराने दुसऱ्याला देऊन टाकली. तिसऱ्या वर्षाच्या तपासणीला आले, तोंड स्वच्छ होतं. मी आनंदाने सांगितलं तर डोळ्यांत पाणी. म्हणाले, ‘तीन वर्सां माझ्याच दारातसून दुसऱ्याचो आंबो गेलो.’ अजून दोन वर्षं जायची होती. त्यांनी घाई केली असं मी म्हणणार नाही, त्या वेळी त्यांना तेच शहाणपणाचं वाटलं. पण तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते की एखादी गोष्ट थांबवताना ती किती दिवसांसाठी थांबवताय? पुढच्या तपासणीपर्यंत म्हणत असाल तर ठीक. ‘खात्री होईपर्यंत’ म्हणत असाल तर पुन्हा विचार करा.

कर्ज काढून, सगळी पुंजी घालून बांधायचं असेल तर थोडं थांबा, उपचारासाठी हाताशी पैसा राहू द्या. पण चिरे आणलेले आहेत आणि मजुरीपुरते पैसे आहेत असं तुम्हीच लिहिलंय. तुमची पुढची मॅमोग्राफी मार्गशीर्षात आहे, काम दिवाळीनंतर सुरू होईल, आणि तपासणीसाठी चार दिवस मुंबईला गेलात म्हणून बांधकाम अडत नाही. चिऱ्यांवर शेवाळ धरलं असेल ते घासून निघतं. गवंड्याला मात्र गणपतीतच सांगून ठेवा, पाऊस सरला की आपल्याकडे तो मिळत नाही.